पंगतीतून उठवायचा पाहुणा

इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये त्याची माझी पहिली भेट झाली. दिसायला काहीच नाही. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये काकवी पातळ केल्यासारखं तपकिरी पाणी, वास जरा आंबूस. चिठ्ठीवर नाव : सेल्युलेज. "हा आमचा न्हावी," प्रिंटिंग मास्तर म्हणाले, "पण ह्याच्यावर नजर ठेवायला लागतीय."

न्हावी कशाला, ते त्यांनी दाखवलं. ब्लीच केलेलं सुती कापड बोटावर दुमडून ट्यूबलाइटसमोर धरलं. घडीच्या काठावर बारीक लव उभी होती, मिसरूड फुटल्यासारखी. अशा कापडावर छापलं की काळ्या रेघेची कड फिसकटते. पुढे चार धुण्यांत लाल फुलावर पांढुरकी झाक चढते. आपण म्हणतो रंग उडाला. बऱ्याचदा तो असतो तिथेच. वर आलेल्या तंतूंनी झाकलेला असतो.

हे विकर सेल्युलोज सोडून कशाला तोंड लावत नाही. कापूस म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोजच, त्यामुळे कापडाची टाकी हे त्याचं भरलेलं ताट. ह्याचा थोरला भाऊ अमायलेज. त्याची ओळख १८३३ सालीच फ्रान्समध्ये पटली होती. तो आधी येऊन ताण्याला लावलेली कांजी खाऊन जातो. कांजी राहिली तर छपाईचा रंग तिलाच चिकटतो आणि धुताना तिच्याबरोबर निघून जातो.

सेल्युलेजचे नखरे मात्र पुष्कळ. पाणी पन्नास-पंचावन्न अंश, त्यात ॲसेटिक ॲसिड घालून सामू पाचाच्या आसपास. देहानं थोराड, त्यामुळे धाग्याच्या पोटात त्याला सहज शिरता येत नाही. बाहेर आलेली टोकं आधी तोंडात येतात. तीही तो नुसती पोखरतो. तोडायचं काम यंत्रातल्या घुसळणीचं.

ह्याचं पूर्वायुष्य काही चांगलं नाही. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड, तंबूसुद्धा, कुजू लागलं. गुन्हेगार निघाली एक बुरशी. पुढे तिचं नाव ट्रायकोडर्मा रीसी पडलं. आपल्याकडे हरभऱ्याच्या बियाण्याला मर रोगासाठी जी ट्रायकोडर्मा चोळतात, तिच्याच भावकीतली. सैन्याचे तंबू खाणारी ही भूक माणसानं कॅनमध्ये भरली आणि कामाला लावली. भूक तीच आहे, स्वभाव काही सुधारलेला नाही. फरक एवढाच, की आता पंगतीतून उठवणारं कुणीतरी शेजारी उभं असतं.

त्या दिवशी मास्तर उभे होते. घड्याळाकडे बघत, मधूनच तुकडा काढून बोटांनी चाचपत. शंभर किलो कापडामागे तीन ते पाच किलो वजन घटलं तर ती हजामत. त्यापुढे गेलं की धाग्याची ताकद जायला लागते. पाऊण तास झाला.

"उठवा आता त्याला," मास्तर ओरडले, "न्हाईतर ताटासकट खाईल!"

सोडा ॲश पडला, वाफेचा कॉक उघडला, काटा ऐंशीवर गेला. एवढ्या उन्हात त्याचा निभाव लागत नाही. अर्धपोटीच संपला आणि पाण्याबरोबर वाहून गेला.

मास्तरांनी ओलं कापड पिळून, वाळवून पुन्हा बोटावर दुमडलं, ट्यूबलाइटसमोर धरलं. काठ नुसता काठ होता.

"आता छापा," ते म्हणाले.