यंदाचा हंगाम आणि आमचं घर

रमजानच्या या दिवसांत दुपारी माझ्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू असतो. बाहेर टोरंटोचा बर्फ आणि रेडिओवर फ्लोरिडातल्या डनीडनचं ऊन. तिथे आमच्या ब्लू जेज संघाचे सराव सामने चालले आहेत. त्यांची हारजीत हंगामात धरत नाहीत, तरी मी ऐकते. समोसे भरता भरता असरची वेळ कधी होते कळत नाही. ईद झाली की आठवडाभरात खरा हंगाम सुरू होईल.

चिपळूणजवळच्या गावातली बाई बेसबॉलच्या नादी कशी लागली, असं माहेरी सगळे विचारतात. मी १९९२ च्या हिवाळ्यात लग्न होऊन इथे आले. हे रात्रपाळीला जायचे. घरात एकटी असायचे, इंग्रजी कानावर पडावं म्हणून रेडिओ लावायचे. हे म्हणाले, "क्रिकेटचाच भाऊ समज. पिचर टाकतो, बॅटर मारतो, तीन आउट झाले की दुसऱ्यांची पाळी. असे नऊ डाव." २३ ऑक्टोबर १९९३ च्या रात्री जो कार्टरने नवव्या डावात होमरन मारला आणि आम्ही फिलाडेल्फियाला हरवून सलग दुसऱ्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकलो. इमारतीतल्या एका शेजारणीने, जी कधी बोललीही नव्हती, मला जिन्यातच मिठी मारली. परका मुलूख त्या रात्री पहिल्यांदा आपला वाटला.

त्यानंतर पुन्हा वर्ल्ड सिरीज गाठायला ३२ वर्षं लागली. तोवर हे अल्लाहला प्यारे झाले होते. १ नोव्हेंबर २०२५ ला सातवा, निर्णायक सामना मी आणि माझा धाकटा मुलगा बसून पाहत होतो. नवव्या डावात आम्ही एका रनने पुढे, विजयाला फक्त दोन आउट हवे होते. तेवढ्यात लॉस एंजेलिस डॉजर्सच्या मिगेल रोहासने होमरन मारून बरोबरी केली. अकराव्या डावात विल स्मिथने आणखी एक मारला. ५-४. मध्यरात्र उलटून गेली होती. माझे डोळे भरून आले.

मुलाकडे पाहिलं तर त्याचा चेहरा पांढराफटक. हातात फोन. मी म्हटलं, "बेटा, खेळ आहे. पुढच्या वर्षी बघू." तो म्हणाला, "अम्मी, फीचे पैसे गेले."

कॉलेजच्या फीचे १,८०० डॉलर त्याने फोनवरून पैजेवर लावले होते. एकाच रात्री नव्हे. उन्हाळ्यापासून पाच-दहा डॉलर करत सुरुवात झाली होती. एप्रिल २०२२ पासून आमच्या ओंटारियो प्रांतात खासगी कंपन्यांनाही ऑनलाइन बेटिंगची परवानगी आहे. कोण जिंकेल एवढ्यावरच नाही, खेळ चालू असताना पुढे काय होईल यावरही पैसे लावता येतात. जाहिराती तर सामन्यात पावलोपावली. मी त्याला लहानपणी सूरह माइदा शिकवली होती. दारू आणि जुगार यांची मनाई तिथे एकत्रच आली आहे. आमच्या घरात दारूची बाटली आली असती तर मी वासावरून ओळखली असती. जुगार माझ्याच सोफ्यावर, माझ्या शेजारी बसून चालला होता आणि मला पत्ता नव्हता.

मी ओरडले, मग रडले, मग दोघेही गप्प झालो. फी मी माझ्या बचतीतून भरली. तो शनिवार-रविवार एका दुकानात काम करून दरमहा परत करतो आहे. खातं त्याने माझ्यासमोर बंद केलं. हे सगळं त्याला विचारूनच लिहिते आहे. "लिही, आणखी कुणाच्या घरात असेल," असं तोच म्हणाला.

पण हंगाम जवळ येतो आहे तशी माझ्या आनंदाला एक धास्ती चिकटली आहे. हंगामात १६२ सामने. रोज संध्याकाळी तीच परीक्षा. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागोच्या खेळाडूंनी पैसे घेऊन सामने हरल्याचं प्रकरण झालं आणि आठ जणांवर कायमची बंदी आली. पैशाच्या मोहाने मैदानावरची माणसं घसरली, तिथे माझं बावीस वर्षांचं पोर काय? वाटलं, टीव्ही-रेडिओ दोन्ही बंद करावेत. तेवढ्यात गेल्या आठवड्यात इफ्तारनंतर मुलानेच कपाटातून यांची जुनी वही काढली.

हे सामन्याची नोंद ठेवायचे. प्रत्येक जागेला एक आकडा असतो. पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६. चेंडू शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसवर आणि तिथून फर्स्ट बेसवर जाऊन दोघे आउट झाले, की वहीत ६-४-३. पान पान यांच्या बारीक अक्षराने भरलेलं. मुलगा म्हणाला, "अम्मी, यंदा मी लिहितो. हातात पेन्सिल असली की फोन धरता येत नाही."

असं ठरलं आहे की सामना सुरू होताना दोघांचेही फोन तांदळाच्या डब्यावर ठेवायचे. निभेल का, माहीत नाही. दुआ करते. काल तरावीहहून येताना तो नवी वही घेऊन आला. पहिल्या पानावर त्याने पट्टीने चौकोन आखून ठेवले आहेत, अजून सगळे कोरे.