एका मजल्याचा पाया

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरात एका लोखंडी पेटीवरून चार दिवस अबोला होता, असे सांगितले तर वाचकांना हसू येईल. पण झाले खरे तसेच. आमचा जुना संगणक 2013 सालचा. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नेहमीची देखभाल संपली, आणि त्यापुढची आवृत्ती त्या जीर्ण यंत्राला पेलणारी नव्हती. त्यातच नातीने वास्तुकलेच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेला. पैसे माझ्या निवृत्तिवेतनातले, तेव्हा निर्णयही माझाच, असे मी गृहीत धरले.

नातीचे म्हणणे असे की, सुटे भाग निवडून यंत्र जुळवून घ्यावे. खर्च 46 हजार. इकडे इंदूरच्याच एका दुकानात कंपनीचा तयार संगणक सवलतीत 34 हजारांना मिळत होता. बिल एक, हमी एक, घरी आणून तारा जोडल्या की काम सुरू! शिवाय स्मरणशक्तीची एक पट्टी आत बसवलेली आणि दुसरीसाठी खाच मोकळी. दुकानदार म्हणाला, "माताजी, अभी ले जाइए, बाद में सब बढ़ जाएगा." नात काही बोलली नाही. मी तिच्या मौनाला संमती समजले. शिक्षिकेची इतकी वर्षे नोकरी करूनही माणसाच्या हातून ही चूक होतेच.

"बाद में बढ़ जाएगा" हे शब्द मला पटण्याचे कारण आमच्या घराच्या गच्चीवर होते. ह्यांनी 1974 साली घर बांधले तेव्हा खांबांच्या सळया वर काढून ठेवल्या होत्या. सतरा वर्षे त्यांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घातलेल्या असत, आणि पाहुणे त्यावरून आमची थट्टा करीत. 1991 मध्ये त्याच सळयांवर दुसरा मजला चढला. संगणकातली ती मोकळी खाच पाहून मला त्या सळयाच आठवल्या.

एका रविवारी नातीने पेटीचे झाकण काढले व मला शेजारी बसवून एकेक गोष्ट दाखवली. स्मरणशक्तीची दुसरी 8 जीबीची पट्टी बसेल. मात्र ती पहिलीच्याच पिढीची हवी, कारण डीडीआर4 च्या खाचेत डीडीआर5 ची पट्टी शिरतच नाही. साठवणीलाही जागा होती. खरी अडचण निघाली ती चित्रांच्या कार्डाची. इमारतीची त्रिमिती चित्रे छायाप्रकाशासह रंगवायची तर पुढे तसले कार्ड लागणार. त्याची खाच होती, पण पेटी अरुंद, म्हणून अर्ध्या उंचीचेच कार्ड मावणार. त्या खाचेतून कार्डाला फार तर 75 वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला वीजपुरवठ्याच्या डब्यातून वेगळी तार आणावी लागते. आमच्या डब्याला ती तार नव्हती आणि त्याची सारी शक्ती 180 वॅट! मग डबाच बदलावा म्हटले, तर बाजारातल्या सर्वसाधारण डब्याचा मुख्य जोड 24 पिनांचा, आणि आमच्या कंपनीने स्वतःचाच निराळा, थोड्या पिनांचा जोड केलेला. आकारही निराळा. म्हणजे डब्याबरोबर मदरबोर्ड आणि पेटीही बदलायची. मग उरले काय?

सळया वर काढल्या होत्या, पण पाया एकाच मजल्याचा होता. ह्यांनी मात्र पाया दोन मजल्यांचा घातला होता. त्यापायी माझी पाटल्यांची हौस त्या वर्षी मागे पडली आणि मी पुष्कळ कुरकुर केली, तेही आता आठवले.

"तू दुकानात बोलली का नाहीस गं?" मी विचारले.

"आजी, तुझे पैसे. आणि तू किती खुशीत होतीस!"

यावर काय बोलणार? यंत्र वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पत्रव्यवहार, हिशेब, सध्याची तिची साधी रेखाटने, सारे ते निमूटपणे करते, आणि ज्याला एवढेच करावयाचे त्याने सवलत अवश्य घ्यावी. फक्त पैसे मोजण्यापूर्वी पुरवठ्याचा डबा किती वॅटचा आणि त्याचा जोड सर्वसाधारण आहे की नाही, एवढे विचारून घ्यावे. दुकानदाराला राग आला तर येऊ द्यावा.

दुसरी पट्टी आम्ही घातली. कार्डाचे नात म्हणते, "तिसऱ्या वर्षी पाहू." वाचलेले 12 हजार मी टपाल कचेरीच्या खात्यात वेगळे ठेवले आहेत. तिला अजून सांगितलेले नाही.