एकवीस किलोमीटर पुणं

पहाटे साडेतीनला पुण्यात कोण जागं असतं? नाइट शिफ्ट संपवून घरी निघालेली आयटीवाली मंडळी, रिक्षा स्टँडवर शाल गुंडाळून बसलेले काका, आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी छातीवर नंबर लावून सणस मैदानाबाहेर उड्या मारणारे आम्ही वेडे!

डिसेंबर २०२२. माझी पहिली हाफ मॅरेथॉन. थंडी मस्त, पोटात गोळा. ‘हाफ’ म्हटलं की लोकांना वाटतं अर्धंच तर आहे. पण ते अर्धं म्हणजे २१ किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. हा विचित्र हिशोब आला लंडनहून. १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपली. ते अंतर भरलं ४२.१९५ किलोमीटर, आणि १९२१ मध्ये तेच कायम झालं. राजेसाहेबांच्या सोयीसाठी आपण अजून घाम गाळतोय!

आधी अनवाणी, मग इंटरनॅशनल

पुण्याला मॅरेथॉनचं वेड कधीपासून? बहुतेक जण सांगतील, १९८३. त्या वर्षी सुरेश कलमाडींच्या पुढाकारानं पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. आदल्याच वर्षी दिल्लीत एशियाड झालं होतं, रंगीत टीव्ही आला होता, आणि खेळ ही घरात बोलायची गोष्ट झाली होती. स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम पुढे बरीच वर्षं शर्यतीचं माहेरघर होतं. इथिओपिया आणि केनियाचे धावपटू ‘आपल्या’ रस्त्यावरून वाऱ्यासारखे जाताना बघायला माणसं फुटपाथवर उभी राहायची.

पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे. चला डेक्कनला. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक स्पर्धांना १९१९ साली सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. सगळ्यात मोठं आकर्षण होतं सुमारे २५ मैलांची धाव. धावणारे साधे शेतकरी. पायात काही नाही, रस्ते खडीचे, आणि शेवटचा टप्पा शहराच्या मुख्य रस्त्यांवरून. बघायला हजारोंची गर्दी! ती धाव पाहून दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला सहा जणांचा संघ गेला. त्यातले बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. वेळ २ तास ५० मिनिटं. आज महागडे शूज आणि घड्याळ घालून धावणाऱ्या आपल्यातल्या कितीजणांना ते जमेल? मला तर नाहीच.

सिंहगड रोड, पण ट्रॅफिकशिवाय

अलीकडच्या वर्षांत मुख्य शर्यती पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास सुटू लागल्या. कारण सरळ आहे. रविवार असला तरी पुण्याचे रस्ते सकाळी सातनंतर कोणाला मोकळे सोडत नाहीत. सणस मैदान, दांडेकर पूल, राजाराम पूल, विठ्ठलवाडी, आनंदनगर, नांदेड सिटी आणि परत. ऑफिसला जाताना याच रस्त्यानं मी क्लच दाबून दाबून डावा पाय दुखवून घेतलाय. त्या पहाटे तोच रस्ता अख्खा माझा होता. उड्डाणपुलाच्या कामाचे पत्रे दोन्हीकडे, अधूनमधून पाण्याचं टेबल, बाकी शांतता. एरवी त्या वेळेला मी एकटी घराबाहेर पडले असते का? घरच्यांनी पडू दिलं असतं का? उत्तर तुम्हाला माहीत आहे.

नांदेड सिटीपर्यंत मी हवेत होते. परतीला, विठ्ठलवाडीच्या जवळ, डाव्या पोटरीत गोळा आला. बसले कडेला. पुढे जाणारे ‘कम ऑन’ म्हणत होते, पण टाळी वाजवायला रस्त्याच्या कडेला एक माणूस नव्हता. तेव्हा कळलं, मॅरेथॉन पायांवर धावतात हे अर्धंच खरं. उरलेली बघणाऱ्यांच्या जिवावर धावतात. १९१९ च्या त्या शेतकऱ्यांकडे शूज नव्हते, पण अख्खं शहर होतं. माझ्याकडे शूज होते.

लंगडत, चालत, थोडं पळत दांडेकर पुलाशी आले. नुकतं फटफटायला लागलं होतं. आणि तिथे स्कूटरला टेकून, कानटोपी घालून, हातात थर्मास घेऊन... बाबा!

१९८३ ला बाबा एकोणीस वर्षांचे होते. पहिली मॅरेथॉन त्यांनी नेहरू स्टेडियमबाहेर उभं राहून पाहिली आणि घरी जाऊन जाहीर केलं, ‘पुढच्या वर्षी मी पळणार.’ मग नोकरी आली, मी आले, होम लोन आलं. २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झाली आणि ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द घरातून गेला. मी नाव नोंदवलं तेव्हा ते काहीच बोलले नव्हते.

‘बाबा, तुम्ही इथे? कधीपासून?’

‘पाचपासून. अगं, एवढ्या वेळात मी सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाऊन आलो असतो.’

मी हसले आणि रडले, दोन्ही. ‘चहा नंतर,’ ते म्हणाले, ‘आधी संपव.’ आणि त्या रिकाम्या पुलावर एकटेच टाळ्या वाजवायला लागले.

मी संपवली. वेळ विचारू नका.

तुम्हालाही पळायचंय?

* किमान तीन-चार महिने आधी सुरुवात करा. तळजाई किंवा लॉ कॉलेज टेकडी आहेच.
* शर्यतीच्या दिवशी नवे शूज नकोत. फोड येतात.
* मेडल मिळालं की मिसळ खा, अपराधी वाटून घेऊ नका.
* आणि पळायचं नसेल, तर अलार्म लावून रस्त्याच्या कडेला उभे राहा. थर्मास असेल तर उत्तम!