आधी कारण, मग स्क्रू

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या आयडलिंगने मला एक गोष्ट पुरती पटवून दिली आहे. सिग्नलला आरपीएमची सुई खाली येते आणि स्टिअरिंग थरथरतं, तेव्हा बिघाड आयडलिंगमध्ये नसतो. तो दुसरीकडे असतो आणि आयडलिंग कमी होणं ही त्याची खूण असते. म्हणून स्क्रू फिरवून रेस वाढवणं म्हणजे ताप उतरवून आजार बरा झाला असं समजणं. हा उपाय कार्बोरेटरच्या काळातला आहे. 1983 साली आलेल्या मारुती 800 च्या कार्बोरेटरवर आयडलिंगचा स्क्रू होता आणि तो त्याच कामासाठी होता. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या इंजिनात मात्र हे काम ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक करतो. पाण्याचं तापमान, इनटेकमधला दाब, एसीचा भार हे सगळं पाहून तो थ्रॉटलजवळून किती हवा सोडायची ते ठरवतो, आणि लहानसहान चढउतार ठिणगीची वेळ मागेपुढे करून सावरतो. बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत गरम इंजिन 700 ते 900 आरपीएमवर स्थिर राहतं ते यामुळेच. त्या थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आपण फिरवला, तर पाय काढल्यावरही थ्रॉटल पूर्ण मिटलेला आहे हे ईसीएमला कळेनासं होऊ शकतं, आणि मग तो आयडलिंग सांभाळायचंच सोडून देतो.

मग कारण शोधायचं कसं? हवा, पेट्रोल, ठिणगी आणि भार या चारांपैकी काय कमी पडतंय किंवा काय जड होतंय, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर स्कॅनरवरच्या आकड्यांत बरंचसं मिळतं. थ्रॉटल बॉडीत कार्बन साचून हवा अडत असेल, तर ईसीएम वाट जास्त उघडून भरपाई करत राहतो. ती भरपाई हद्दीला टेकली की सुई घसरते, पण हवा मोजूनच पेट्रोल दिलं जात असल्याने फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएमने पेट्रोलमध्ये केलेली कमीजास्त दुरुस्ती, साधारण जागेवर असतो. एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत कुठल्या पाइपातून न मोजलेली हवा शिरत असेल, तर ट्रिम आयडलिंगला खूप वाढलेला दिसतो आणि 2500 आरपीएमला खाली येतो. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर कमजोर असेल तर उलट घडतं: भार वाढेल तसा ट्रिम चढत जातो. एखादा प्लग किंवा कॉइल गेली असेल तर इंजिनाचा ताल मोडतो, गाडी मिसिंग करते. आणि फक्त एसी लावल्यावर सुई पडत असेल, तर आधी भार आणि त्याची भरपाई यांच्याकडेच पाहायला हवं.

यावर रास्त आक्षेप असा की, बहुतेक वेळा दोष कार्बनचाच निघतो, मग मोजत बसण्यापेक्षा थ्रॉटल बॉडी साफ करून मोकळं व्हावं. साफसफाई स्वस्त आहे आणि ती करायला माझा विरोध नाही. पण आधी आकडे टिपले नाहीत, तर सुधारणा कशाने झाली हे कळत नाही. शिवाय ईसीएमने घाणेरड्या थ्रॉटलसाठी शिकलेली भरपाई साफ केल्यावरही तशीच राहते. आयडलिंग चढतं, आणि नव्याने शिकवणी होईपर्यंत मालकाला वाटतं की मेकॅनिकनेच काही बिघडवलं. दुसरा आक्षेप, की स्कॅनर कोड देतोच. देतो, पण पी0506 हा कोड एवढंच सांगतो की आयडलिंग हवं त्यापेक्षा कमी आहे. जे कानाला आधीच कळलं होतं तेच तो पुन्हा सांगतो. कोणता भाग बदलायचा हे सांगत नाही. तरीही त्या कोडच्या भरवशावर आयडल व्हॉल्व्हसारखे चांगले भाग बदलले जातात, आणि खरा दोष जागेवरच राहतो.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. इंजिन पूर्ण गरम करा, एसी आणि दिवे बंद ठेवा, आकडे लिहून घ्या, मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा आकडे पाहा. यात वेळ जातो खरा, पण नको असलेल्या भागांचे पैसे वाचतात आणि आज उतरलेली सुई पुढच्या महिन्यात पुन्हा उतरत नाही.