माशी जाईल तिथवर

सातबाऱ्यावर आमच्या घराच्या नावे दोन एकर जमीन आहे. निम्मी वरकस, डोंगराच्या उतारावर, नाचणी-वरीपुरती. उरलेली ओढ्याकडेची भातखाचरं. जावळी तालुक्यात, कोयनेच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला बहुतेकांची जमीन अशीच. फाल्गुन सरता सरता खाचरांना भेगा पडतात, वरकसावर नाचणीची वाळकी बुडखं उरतात आणि पावसाळ्यात धो धो वाहणारा ओढा वाटीवाटीने हंडा भरावा लागेल इतका आटतो. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, आता मृगापर्यंत इथं काही काम नाही. आमच्या घरचं वर्ष मात्र याच दिवसांत ठरतं. परसात मधपेट्या आहेत, आणि वसंतात आमचं शेत दोन एकरांचं राहत नाही.

पेट्यांत सातेरी माशी आहे. ती सह्याद्रीतलीच, झाडाच्या ढोलीत नाहीतर दगडी तालीच्या कपारीत घर करणारी. साधारण एक-दीड किलोमीटरच्या टापूत ती फिरते. दीड किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं तर सात चौरस किलोमीटर भरतात, म्हणजे १,७०० एकरांहून जास्त. त्यात शेजाऱ्यांचे बांध आले, देवराई आली, गायरान आलं, वनखात्याचं रान आलं, पलीकडच्या वाडीची खाचरं आली. यातलं जवळजवळ काहीच आमच्या नावावर नाही, आणि पेटीतला मध तर या सगळ्यातून येतो. मधपाळाच्या कामात मी जे शिकले त्याचं सार एवढंच: पेटीपाशी काम थोडं असतं, त्या वर्तुळात फार.

त्या वर्तुळाचं पंचांग तोंडपाठ असावं लागतं. माघात काटेसावर आणि पांगारा लाल होतात, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या होतात. मग अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडतात. पाडव्याच्या आगेमागे जांभूळ फुलतं आणि त्याच्या मागोमाग हिरडा. जांभळाचं फूल पाहण्याजोगं असतं. कळी उमलताना पाकळ्या टोपडं उतरावं तशा एकत्र गळतात आणि मागे नुसत्या पांढुरक्या केसरांचा झुबका राहतो. सकाळच्या वेळी झाडाखाली उभं राहिलं की केसर अंगावर पडत असतात आणि वर झाडभर गुणगुण चाललेली असते. जांभळाचा मध गडद, जिभेवर जराशी कडवट चव सोडणारा. हिरड्याचा त्याहून वेगळा. कुठल्या झाडाचा मध आहे हे चवीवरून सांगणारी माणसं आमच्या भागात घरटी सापडतात.

पण चैत्रातल्या मधाची पेरणी माघात करावी लागते. राणीने अंडं घातल्यापासून कामकरी माशी बाहेर यायला सुमारे वीस दिवस लागतात. त्यानंतर आणखी दोन-तीन आठवडे ती घरातच राबते: कोठ्या साफ करते, पिलांना भरवते, मेण पाडते, दाराशी राखण करते. फुलांवर जाते ती त्यानंतर. म्हणजे पाडव्याला जांभळावर जाणारी माशी त्याच्या सहा आठवडे आधी अंड्यात असायला हवी. बहर आल्यावर पेटी सशक्त करायला निघालेल्याच्या हाती माश्या येतात त्या फुलं सरल्यावर. म्हणून थंडी ओसरू लागली की पेट्या तपासायच्या, कमजोर वसाहतीला साखरेचा पातळ पाक द्यायचा, जुन्या काळ्या पोळ्यांत मेणपतंगाची जाळी दिसली तर ती पोळी काढून टाकायची आणि पाण्याच्या उथळ भांड्यात खडे टाकून ते सावलीत ठेवायचं. माशीला पाणीही दुरून आणायला लागलं तर तिची फुलांवरची फेरी बुडते.

पेटी उघडायची ती ऊन चढण्याआधी, वारा नसताना. धुराड्यात गोणपाटाचा तुकडा नाहीतर वाळकी शेणी पेटवायची, दाराशी दोन फुंका द्यायच्या, जरा थांबायचं. सातेरीला धक्का बसला तर सगळी वसाहत एकदम फुसकारते; तो आवाज ऐकला की हात आवरायचा. चौकट उचलताना ती उभीच धरावी लागते, आडवी केली तर ताजं पोळं मोडून पडतं. मग वाचायला सुरुवात. अंडी आहेत का, सुजीचा कण उभा करावा तशी तळाशी उभी आहेत का. अळ्या पांढऱ्याशुभ्र आणि वेटोळं घालून पडल्या आहेत का. अळी लांब ताठ होऊन पडलेली, तोंड वर उचललेलं आणि कातडीत पाणी साठलेलं दिसलं तर ते सॅकब्रूड रोगाचं लक्षण. १९९० च्या दशकात थाई सॅकब्रूडच्या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मारल्या. तेव्हापासून अळीकडे पाहिल्याशिवाय मधाकडे पाहू नये, हा मधपाळांचा रिवाज.

नरांच्या कोठ्यांचं झाकण फुगीर असतं आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ही सातेरीची खास खूण. अशी झाकणं वाढू लागली आणि पोळ्याच्या खालच्या कडेला राणीच्या लांबट पेशी लोंबू लागल्या की समजायचं, वसाहत फुटायच्या बेतात आहे. इथं मधपाळाची खरी कसोटी लागते. वसंतात माशीला दोन घरं करायची असतात आणि आपल्याला एकाच घरात भरपूर माश्या हव्या असतात. फुटू दिली तर जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन जांभूळ फुलायच्या वेळी निघून जाते. सगळ्या राणीपेशी मोडत बसलं तर वसाहत चिडते, आठवड्याभरात नव्या बांधते. मला पटलेला मार्ग मधला आहे. सशक्त पेटीचं आपणच विभाजन करायचं, चांगली राणीपेशी असलेली चौकट आणि पिलाव्याच्या चौकटी नव्या पेटीत द्यायच्या, आणि उरलेल्या माश्यांसाठी वर मधकोठी चढवून जागा मोकळी करायची. मध थोडा कमी मिळतो. पण पुढच्या वर्षी पेटी विकत घ्यावी लागत नाही, आणि माशीच्या मनासारखंही होतं.

चौकटीवर आणखी एक गोष्ट दिसते. फुलांवरून आलेली माशी पोळ्यावर सरळ धावते, शेपूट हलवते, अर्धवर्तुळ घेऊन परत येते, पुन्हा धावते. कार्ल फॉन फ्रिश यांनी या नाचाचा अर्थ उलगडला, त्याबद्दल त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. धावेची दिशा फुलांची दिशा सांगते, धावेची लांबी अंतर सांगते. मोजमाप घेण्याची माझ्याकडे साधनं नाहीत. पण धाव आखूड आहे की लांब, एवढं नजरेला कळतं, आणि पायांवरच्या परागाच्या गोळ्यांचा रंग बदलला की नवीन झाड फुलल्याचं कळतं. लांबच लांब धावा दिसू लागल्या की मला काळजी वाटते. याचा अर्थ जवळचं रान संपलं.

आणि आमच्याकडे ते बहुतेक वेळा वणव्याने संपतं. डोंगर पेटवला की गवत चांगलं येतं, ही समजूत अजून गेलेली नाही. फाल्गुनात कुणी काडी टाकतो, वारा असतो, आणि रात्रीत करवंदीच्या जाळ्या, हिरड्याची रोपं, ढोलीतली मोहोळं, पक्ष्यांची घरटी राख होतात. जळालेलं गवत पावसात उगवतंही; पण मुळांनी धरून ठेवलेली माती उघडी पडलेली असते आणि पहिल्या मोठ्या सरीत ती ओढ्यात जाते. म्हणून होळीच्या आधी वाडीतली आम्ही माणसं जाळरेषा काढायला जातो. दोन-तीन हात रुंद पट्टा, गवत कापून, पालापाचोळा झाडून, जमीन नागडी करून ठेवायची. पेट्या असलेली घरं मोजकीच आहेत, पण जाळरेषेला सगळे येतात, कारण गुरांचा चाराही त्याच रानात आहे.

तरवा भाजणं ही दुसरी गोष्ट. भात-नाचणीची रोपं टाकायची जागा आधी पाला, शेण, वाळकं गवत अंथरून भाजून घेतात. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते. आमच्या पूर्वजांनी शिकवलेलं शहाणपण आहे हे. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त त्यासाठी कोयता कुठल्या झाडावर चालतो ते बघावं लागतं. शेजारच्या बांधावरच्या आबांना मी म्हटलं, "आबा, यंदा ह्या जांभळाच्या फांद्या नका तोडू."

"मग सूनबाई, तरव्याला पाला आणायचा कुठनं?"

प्रश्न रास्त होता. आमच्या वरकसातल्या ऐनाच्या खालच्या फांद्या आणि गोठ्यातलं शेणखत त्यांना दिलं, जांभूळ उभं राहिलं. ते जांभूळ आबांचं, सावली आबांच्या बैलांना, फळं पोरांना आणि मध आमच्या पेटीत. वर्तुळात काम करायचं म्हणजे असं, प्रत्येक झाडापाशी त्या झाडाच्या धन्याची गरज समजून घ्यायची.

वर महाबळेश्वर-पाचगणीच्या पठाराकडे स्ट्रॉबेरीची शेतं आहेत. तिथं माशीचं देणं डोळ्यांना दिसतं. स्ट्रॉबेरीच्या फळावर जे बारीक दाणे असतात, त्यातल्या प्रत्येकाचं परागीभवन व्हावं लागतं. ते नीट झालं की फळ भरदार आणि सुबक होतं, राहून गेलं तर एका अंगाने खुरटतं. आणि तिथंच फवारणीचा प्रश्न येतो. सकाळी, फुलं उघडी असताना आणि माश्या बाहेर असताना फवारलं की पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. सूर्य मावळल्यावर, माश्या घरी परतल्यावर फवारलं तर धोका पुष्कळ कमी होतो. एवढी वेळ पाळायला पैसे पडत नाहीत. सांगणारा आणि ऐकणारा, दोघांचं बोलणं असावं लागतं.

आमच्या आत्याबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी मध म्हणजे ढोलीत हात घालून पोळं पिळणं. मध, मेण, अळ्या, सगळं एका फडक्यातून निघायचं, आणि वसाहत संपायची. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरात आहे. तिथल्या प्रशिक्षणामुळे पेटी आणि मधयंत्र या डोंगरात रुळली. पुण्याला १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. या सगळ्याचा मला अभिमान आहे. कारण पेटीने दिलेली मोठी गोष्ट म्हणजे पोळं न मोडता मध काढता येणं. मधयंत्रात चौकट फिरवली की मध निघतो आणि पोळं शाबूत परत जातं. मेण पाडायला माशीला मेणाच्या कित्येक पट मध खावा लागतो. ती मेहनत वाचते.

मध काढायचा तो चौकटीच्या बहुतेक कोठ्या मेणाने बंद झाल्यावरच. उघड्या कोठीतल्या मधात पाणी जास्त असतं, तो आंबतो. आणि काढायचा तो फक्त मधकोठीतला. खालच्या पिलावा कोठीतला मध माश्यांचा. महाबळेश्वराकडचा पाऊस वर्षाला ५,००० मिलीमीटरच्या पुढे जातो, आषाढ-श्रावणात माशीला कित्येक दिवस दाराबाहेर पडता येत नाही. तेव्हाची शिदोरी चैत्रात ओरबाडली तर वसाहत पेटी सोडून निघून जाते.

वैशाखात जत्रेला मुंबईचे चाकरमानी येतात. जावळी-पाटणची किती तरी माणसं तिथल्या बाजारांत माथाडीचं काम करतात. परतताना प्रत्येकाला मधाची बाटली हवी असते. मी बाटलीबरोबर फुलाचं नाव सांगते आणि ते झाड कुठल्या बांधावर आहे तेही सांगते. ज्यांनी लहानपणी त्या झाडाची जांभळं खाल्ली, त्यांच्यापैकी कुणी मग घरी निरोप ठेवून जातं, झाड विकू नका म्हणून.

माझं माहेर सांगली जिल्ह्यात, शिराळ्याच्या डोंगराकडे, वारणेच्या वरच्या अंगाला. २०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सासर त्याच्या उत्तरेला, माहेर दक्षिणेला, मधलं रान एकच. तिथून पूर्वेला आटपाडी-जतकडे गेलं की सगळं बदलतं. माळरानावर डाळिंबाच्या बागा, आणि फळधारणेसाठी मेलिफेरा जातीच्या माश्यांच्या पेट्या टेम्पोतून आणून ठेवायच्या, बहर सरला की पुढे न्यायच्या. तेही मोलाचं काम आहे. पण मेलिफेराच्या पेट्या फुलांच्या मागे जाऊ शकतात. डोंगरातल्या सातेरीला एका जागी ठेवून वर्ष काढायचं तर फुलंच तिच्याजवळ असावी लागतात, माघापासून वैशाखापर्यंत, एकामागून एक.

हल्ली शिकलेली मुलं विचारतात, किती पेट्यांपासून सुरुवात करू, अनुदान कुठं मिळतं. मी त्यांना सांगते, पेटी आणायच्या आधी एक वर्ष आपल्या घराभोवती दीड किलोमीटर चालून ये. कुठल्या महिन्यात कुठलं झाड फुलतं, ते कुणाचं आहे, त्यावर कोयता कधी पडतो, कोण केव्हा फवारतो, कुठून वणवा येतो, हे वहीत लिही. त्या माणसांच्या दारात जा, चहा घे, तुझं काम समजावून सांग, त्यांचं ऐकून घे. पावसाळ्यात बांधाला जांभूळ आणि हिरडा लाव, आपल्या आणि त्यांच्याही. एवढं करून झालं की मग दोन पेट्या आण. दोनच पुरेत, त्यांचं शेत तोवर तयार झालेलं असेल.