डिग्री

अण्णा तीन महिन्यांसाठी लेस्टरला आलेत. गावच्या दूध संस्थेत सत्तावीस वर्षं सचिव होते, त्यात माळकरी. गॅरेजमधल्या बिअरच्या बादल्या त्यांना कशा दाखवायच्या, या काळजीत मी होतो. त्यांनी पहिल्याच दिवशी फळीवरचा हायड्रोमीटर उचलला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, "हा लॅक्टोमीटर इथं कशाला रे?"

*

तसा तो लॅक्टोमीटरचा भाऊच. दुधाला तीस डिग्री लागली म्हणजे १.०३०, पाण्याहून तेवढं जड. माझा मॉल्टचा रस आंबवण्याआधी १.०४८ होता. यीस्ट साखर खातं, दारू होते, ती पाण्याहून हलकी; म्हणून नळी दिवसेंदिवस खाली जाते. १.०११ वर थांबली. फरक ०.०३७, त्याला १३१.२५ ने गुणायचं: ४.८६ टक्के.

मधे तिसऱ्या दिवशी बरोबर १.०३० लागलं. अण्णा म्हणाले, "आत्ता गाईचं झालं."

संस्थेत नळी बुडाली की गवळ्याची चोरी सापडली. इथं नळी बुडते तसा मी खूश होतो. हे त्यांच्या गळी उतरायला दोन दिवस लागले.

*

नळी सोडताना बोटांनी हलकी गिरकी द्यायची, नाहीतर बुडबुडे चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा खोटा लागतो. मी हे पुस्तकात वाचून शिकलो. अण्णांची बोटं आपोआप फिरली.

*

तयार डब्याची बिअर: १.७ किलो घट्ट पाक, १ किलो साखर, पाणी घालून २३ लिटर. साधारण सव्वाचार टक्के होते. अण्णा वाचून हसले. "पाणी घालायचं आन वर साखर? ही तर आमच्याकडची जुनी युक्ती." पाणी घातल्यावर डिग्री पडू नये म्हणून लोक दुधात साखर टाकत. अशा दोघांचं दूध त्यांनी बंद केलं होतं.

बिअरमध्ये साखर ही भेसळ नव्हे, पण आळस नक्की. ती पूर्ण आंबते, मागे काही ठेवत नाही. टक्का चढतो, बिअर पाणचट लागते. त्याच किलोभर साखरेऐवजी मॉल्टची कोरडी पावडर घातली तर जवळजवळ अर्धा टक्का कमी भरतो आणि घोट तोंडात टिकतो.

*

हिशोब, विसरू नये म्हणून: २० लिटरला अर्धा किलो साखर = सव्वा टक्का. बेल्जियमचे लोक ट्रिपेलमध्ये मुद्दाम घालतात. इतक्या कडक बिअरचा घोट जड होऊ नये म्हणून. त्यांना शोभतं.

साखरेऐवजी एकदा कोल्हापुरी गूळ घातला. टक्का चांगला चढला. झाकण उघडल्यावर अण्णांनी दारातूनच सांगितलं, "गावठीचा वास येतोय." नवसागर तेवढा राहिला होता.

*

या खेपेला उकळताना रस फार आटला. २० लिटर हवा होता, उरला १६, हायड्रोमीटर १.०६०. घाबरण्यासारखं काही नाही. १६ गुणिले ६० म्हणजे ९६०, भागिले ४८, बरोबर २०. चार लिटर पाणी, यीस्ट टाकायच्या आधी. पाहुणे आले की आमटी वाढवतात, तसं.

फक्त आमटीसारखंच तिखटही पातळ होतं. कडवटपणाही एक पंचमांश उतरला, आणि तो हिशोब मी केलाच नव्हता. हॉप्सची आणखी एक मूठ दहा मिनिटं उकळून ते पाणी घालावं लागलं.

*

आंबून झाल्यावर पाणी घालणं वेगळं. साध्या नळाच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो. तयार बिअर त्याने आठवड्या-दोन आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते. पाणी उकळून, झाकून निववून, नळीने तळाशी सोडायचं. मोठे कारखाने हे रोज करतात: कडक बिअर करायची आणि शेवटी हवा काढलेलं पाणी घालून बेतात आणायची. त्यांच्या जाहिरातीत पाणी दिसतं ते डोंगरातल्या झऱ्याचं.

*

टक्का खरा ठरतो तो मॉल्ट गरम पाण्यात भिजत असतानाच. ६४ अंशांवर ठेवलं तर यीस्टला पचेल अशी साखर जास्त होते. ६९ वर पचत नाही अशी जास्त राहते. तेच धान्य, तेच पाणी, पाच अंशांचा फरक. हलकी पण अंग असलेली बिअर हवी असेल तर मला ६९ आवडतं. सोबत मूठभर ओट्स.

*

सोलकढीच्या नारळाचा जाड रस काढल्यावर त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून पातळ रस काढतात. इंग्लंडात जुन्या काळी बिअरचंही तेच. पहिल्या धुवणाची कडक, शेवटच्या धुवणाची 'स्मॉल बिअर', ती घरच्यांना आणि गड्यांना. मी करून पाहिली. १.०२४ वरून १.००६, म्हणजे २.४ टक्के. उन्हात गवत कापून आल्यावर हिच्याइतकं काही चांगलं नाही.

*

पुण्याचा मित्र फोनवर एकच विचारतो, "किती टक्के?" आपल्याकडे बाटलीवर 'स्ट्राँग' असल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. इथं उलट वारं आहे. ऑगस्ट २०२३ पासून साडेतीन टक्क्यांच्या खाली कर कमी, म्हणून कित्येक ओळखीच्या बिअर गुपचूप ३.४ वर आल्या. किंमत उतरलेली मला तरी दिसली नाही.

घरच्या बिअरला इथं १९६३ पासून परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. तिकडे बादली लावली तर दारूबंदी कायदा. मित्राला हे सांगितलं तर म्हणतो, "मग स्ट्राँग तरी कर."

*

बाटलीत फेसासाठी लिटरला ६ ग्रॅम साखर. तीही आंबते: आणखी ०.३ ते ०.४ टक्का. मी हा कधी धरतच नव्हतो.

*

अण्णांनी वही आखली आहे. तारीख, लिटर, डिग्री, फॅट. सवयीने चार रकाने पडले. चव त्यांनी अजून घेतलेली नाही, घेणारही नाहीत. पण सकाळी चहाआधी गॅरेजमध्ये जाऊन नळी सोडतात, गिरकी देतात, चष्मा वर करून आकडा वाचतात. फॅटच्या रकान्यात रोज एक आडवी रेघ.