बूथवरचा मीटर आणि आमचा व्हॉइसमेल

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहायचो. घरात फोनची लाइन एकच आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोघे: ह्यांचा मॉडेम आणि सांगलीहून फोन करणारे माझे दादा.

इंटरनेट चालू असताना कॉल वेटिंगची बीप आली की कनेक्शन तुटायचं. ह्यांनी तोडगा काढला. मॉडेमच्या नंबराआधी स्टार सत्तर आणि एक स्वल्पविराम टाकून ठेवला. स्टार सत्तरने कॉल वेटिंग तेवढ्या कॉलपुरतं बंद होतं, फोन ठेवला की आपोआप परत सुरू. स्वल्पविराम मॉडेमला क्षणभर थांबायला सांगतो. हे खूश.

पण बीप बंद म्हणजे बाहेरच्याला लाइन एंगेज. आणि एंगेज लागली की कॉल थेट व्हॉइसमेलवर जायचा. एरवी ही सोयच म्हणायची. पण दादा आयएसडी बूथवरून बोलायचे. एंगेज टोनला पैसे पडत नाहीत; व्हॉइसमेलने मात्र फोन ‘उचललेला’ असतो, त्यामुळे काचेच्या केबिनमधले लाल आकडे पळायला लागतात.

एका रविवारी रिसीव्हर उचलला तर डायल टोन तुटक येत होता, म्हणजे निरोप होता. ऐकला. “हॅलो... हॅलो? अगं, ही बाई कोण बोलतेय?” मग लांबून, बूथवाल्याला: “अहो, थांबवा ते! मुलगी आलीच नाही फोनवर, पैसे कसले?” बूथवाल्याचंही काही चुकत नव्हतं. त्याचं मशीन पलीकडे माणूस आहे की टेप, हे बघत नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर कळलं की ‘लाइन बिझी’ आणि ‘कोणी उचलत नाही’ या दोन वेगळ्या सेटिंग्ज आहेत. पहिली काढून टाकायला सांगितली, म्हणजे बिझी असेल तर सरळ एंगेज टोन. दुसरीत चारऐवजी सहा रिंग करून घेतल्या. अमेरिकेत एक रिंग आणि तिच्यानंतरची शांतता मिळून सहा सेकंद होतात. म्हणजे बारा सेकंद जास्त मिळाले. तळघरात कपडे वाळवत असले तरी तेवढ्यात जिना चढून येता यायचं.

शिवाय दादांना सांगून ठेवलं, दोन रिंग द्या आणि ठेवून द्या. मग मीच कॉलिंग कार्डावरून बूथवर उलटा फोन करायची. बूथवाला त्याचेही थोडे पैसे घ्यायचा, पण तो हिशेब दादांना पटायचा. रविवारी सकाळी, म्हणजे सांगलीच्या संध्याकाळी, मॉडेमला हात लावायचा नाही हा नियम मी घातला. ह्यांनी कुरकुरत का होईना, पाळला.

तुमच्याकडे अजून लँडलाइन असेल आणि घरचं वडीलधारं माणूस तिच्यावर फोन करत असेल, तर व्हॉइसमेल कितव्या रिंगला उचलतो ते एकदा बाहेरून फोन करून मोजा. आणि स्वागताचा निरोप मराठीत, स्वतःच्या आवाजात ठेवा.